सहा नळ्यांतली एक बाई

स्त्रीचं शरीर हे तिचं एकटीचं असतं, ही गोष्ट आता सगळ्या सुसंस्कृत समाजांनी मान्य केलेली आहे. पुतळ्यांच्या कारखान्यात मात्र एका सोमवारी जेवणाच्या सुट्टीत एका बाईचं शरीर सहाजणींनी वापरलं, आणि सुट्टी संपायच्या आत परतही केलं.

कारखान्यात कापडदुकानांच्या काचेमागे उभे राहणारे पुतळे तयार व्हायचे. मागच्या खोलीत साचे होते, तिथे ताई काम करायची. साच्याला आतून मेण फासायचं, फायबर चढवायचं, वाळलं की साचा उघडून बाई बाहेर काढायची. साचा नंबर नऊला सगळ्यांत जास्त मागणी: उभी, डावा हात कमरेवर, मान किंचित वळलेली, जणू मागून कुणी हाक मारली आहे आणि ओ द्यावी की नाही हे तिचं ठरत नाहीये. मग घासकामातल्या दोघी जावा तिला पॉलिश पेपरने गुळगुळीत करायच्या. डोळेवाली डोळे काढायची, केसवाली केस बसवायची, पॅकिंगवाली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायची. या सगळ्यांवर मुकादमबाई. त्या पुतळ्याच्या मानेमागे नंबराचा स्टिकर चिकटवायच्या आणि तोच नंबर रजिस्टरात चढवायच्या.

कारखान्याचा सगळा जीव त्या स्टिकरात होता. एका साच्यातून चाळीस बायका निघाल्या तरी स्टिकर लागले की त्या चाळीस वेगळ्या बायका. एखादी तडकली तर दुरुस्तीच्या भानगडीत कोण पडतो? मुकादमबाई तिच्या नंबरावर काट मारायच्या. काट मारली की ती बाई कधी नव्हतीच. अशा कधीच नसलेल्या सव्वीस बायका मागच्या शेडमध्ये भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

त्या सोमवारी आरोग्य केंद्रातून नर्सबाई एक खोकं घेऊन आल्या. तिशी ओलांडलेल्या सगळ्या बायकांची गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी होती. नर्सबाईंनी वीस मिनिटं समजावून सांगितलं. एक विषाणू असतो, तो वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहतो, वेळेवर सापडला तर कॅन्सर होण्याआधीच काम भागतं, वगैरे. हे सगळं कंप्रेसरच्या आवाजात चाललं होतं. बायकांच्या कानांवर आलं ते "गुपचूप" आणि "वगैरे". मग नर्सबाईंनी प्रत्येकीच्या हातात एक नळी दिली. आत मऊ ब्रश. बाथरूममध्ये जायचं, स्वतःच नमुना घ्यायचा, ब्रश नळीत टाकून झाकण लावायचं. एवढं सांगून त्या मालकांच्या केबिनमध्ये फॉर्म भरायला गेल्या.

नळीवर नंबराचा स्टिकर होता. बाकी काही कळलं नसलं तरी तेवढं मात्र सगळ्यांना कळलं.

"मी नाही बाई," धाकटी जाऊ म्हणाली. "आधी घरी विचारावं लागेल."

"ती करणार नाही तर मी काय म्हणून करू?" थोरली म्हणाली. घरात पंखा कुणाच्या खोलीत लावायचा इथपासून दोघींचं हेच धोरण होतं.

केसवालीचं लग्न झालेलं नव्हतं. तिने नळी केसांच्या टोपल्यात लपवली. "दिली तर विचारतील, का दिली. नाही दिली तर विचारतील, का नाही दिली."

पॅकिंगवाली म्हणाली, "बघायला गेलं की काहीतरी निघतंच. माझ्या मावशीने दात दाखवला तर डोळ्याचं ऑपरेशन झालं."

डोळेवाली नळीचं झाकण फिरवत होती. तिची आई याच दुखण्याने गेली होती. शेवटची दोन वर्षं आई आपले कपडे स्वतः, वेगळे, दार लावून धुवायची, आणि घरात सगळ्यांना वाटायचं, किती टापटीप बाई. डोळेवालीला ते दार आठवलं. तिने नळी खाली ठेवली.

मुकादमबाईंचा प्रश्न वेगळाच होता. "मी मुकादम आहे. मी तिथे जाऊन असं करायचं, आणि उद्या तुम्हाला ओरडायचं कोणत्या तोंडाने?"

ताई साच्याच्या खोलीतून हात पुसत आली. चाळिशी उलटलेली, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, आणि लाजेचा कोटा लहानपणीच संपलेला. "आणा इकडे," ती म्हणाली. "चार बाळंतपणं झाली माझी. त्या बाळंतपणांना डॉक्टर, नर्स, शिकाऊ पोरी, एकदा तर लाइट दुरुस्त करणारा, एवढ्यांनी बघितलंय. अजून सहा ब्रशांनी काय बिघडणार?"

"आणि तुझी नळी, ताई?"

"माझी रिकामीच परत देते. बंद दुकानात कसली तपासणी?"

सगळ्या हसल्या. मग ताई एकेक नळी घेऊन आत गेली. गोंधळ नको म्हणून आत जाताना मोठ्याने नंबर म्हणायची. "एकशे एक," मुकादमबाईंचा. "एकशे दोन," थोरलीचा. बाहेर ओळीत उभ्या असलेल्या बायका आपापला नंबर बंद दारामागून ताईच्या आवाजात ऐकत होत्या. पाचापर्यंत थट्टा चालली. सहाव्या वेळी, डोळेवालीच्या नळीला, आतून नंबर ऐकू आला नाही. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ताई बाहेर आली, नळी खोक्यात ठेवली आणि कुणाशी न बोलता साच्यांकडे निघून गेली.

तपासणी करून घेतल्याबद्दल मालकांनी सहाजणींना अर्धा दिवस सुट्टी दिली. ताईला नाही. तिने नळी रिकामी परत केली होती.

तीन आठवड्यांनी, पुन्हा सोमवारीच, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी मुकादमबाईंच्या टेबलाचा खण गुरगुरला. कामाच्या वेळात सगळ्यांचे फोन त्या खणात जमा असायचे. पत्र्याच्या खणात सहा फोन एकाच वेळी थरथरले, आणि टेबलावरचे पुतळ्यांचे तयार हात, बोटं वर केलेले बावीस हात, हळूहळू कडेकडे सरकायला लागले. सातवा फोन, ताईचा, गप्प होता.

सुट्टीत सहाजणींनी एकमेकींकडे पाठ करून आपापला फोन उघडला. "आपल्या नमुन्यात विषाणू आढळला आहे. घाबरू नये. पुढील तपासणीसाठी गुरुवारी सकाळी दहा वाजता केंद्रात यावे."

आता यात खरं तर अक्कल लावण्यासारखं फारसं काही नव्हतं. नमुना आपला नाही, हे सहाही जणींना पक्कं ठाऊक होतं. पण नंबर आपला होता. अख्खी हयात ज्यांनी स्टिकर लागलेली बाई तीच खरी मानली, त्यांनी आता स्वतःपुरता अपवाद करायचा कसा? संध्याकाळपर्यंत धाकटीच्या ओटीपोटात दुखायला लागलं. रात्री थोरलीच्या. त्यांच्या सासूबाईंनी दोघींचे फोन वाचले आणि दोघींना समोर उभं केलं. "नक्की कुणाला झालंय ते एकदा सांगा. म्हणजे कुणावर रागवायचं ते मला कळेल." पॅकिंगवालीच्या नवऱ्याने आपली उशी उचलून बाहेरच्या खोलीत नेली आणि सांगितलं, तिकडे हवा चांगली येते. त्या खोलीला खिडकी नव्हती.

मंगळवारी सकाळी साचा नंबर नऊमधून निघालेल्या पुतळ्यांना बेंबीखाली बोटाच्या टोकाएवढा खड्डा होता. सगळ्यांना, त्याच जागी. ताईने पुट्टीसारखी लांबी भरून खड्डे बुजवले. दुपारी लांबी वाळून बसली आणि खड्डे परत आले. कारण अगदी साधं होतं, त्या जागी साच्याचं मेण उडालं होतं, त्यामुळे फायबर चिकटून उचकटत होतं. ताईने ते सगळ्यांना सांगितलंही. पण सांगताना ती एका पुतळ्याच्या ओटीपोटावर अंगठा दाबत होती, आणि समोर उभ्या सहाजणींचे हात आपोआप आपापल्या पोटावर गेले.

"काय गं, सगळ्यांना एकदम भूक लागली की काय?" ताईने विचारलं. तिचा चेहरा मात्र टवटवीत होता. गेल्या महिन्यापेक्षा जास्तच.

सुट्टीत सहाजणी मागच्या शेडमध्ये जमल्या. ताई तिथे कधी यायची नाही, आपल्या हातून बिघडलेल्या बायका तिला बघवायच्या नाहीत. त्या सव्वीस पाठींच्या मध्ये मुकादमबाईंनी बैठक घेतली.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "नमुना कुणाचा, हा प्रश्नच नाहीये. नंबर कुणाचा, हा आहे. गुरुवारी आपण सहाही जणी जायचं. ते तपासतील. आपल्याला काही झालेलं नाही, म्हणजे काही सापडणार नाही. ते लिहितील, सगळं ठीक. संपलं. आपलं खोटंही उघडं पडत नाही."

"आणि ताई?" डोळेवालीने विचारलं.

"ताईचं काय?"

"अहो, ते तिचं आहे ना."

"तिची नळी रिकामी गेली. ती यादीतच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तिला काही झालेलंच नाही," मुकादमबाई म्हणाल्या. बोलून झाल्यावर त्यांनाच आपला आवाज कसासा वाटला असावा, कारण त्यांनी मागे वळून बघितलं. मागे भिंतीकडे तोंड केलेल्या बायका होत्या. त्यांपैकी कुणी वळलं नव्हतं.

"पण बाई, माझं खरंच दुखतंय हो," धाकटी म्हणाली.

"माझं जास्त दुखतंय," थोरली म्हणाली.

मतं घेतली. पाच विरुद्ध एक.

बुधवारी सकाळी, फोन खणात जमा करायच्या आधी, डोळेवालीने बाथरूममधून नर्सबाईंना फोन लावला. आपण कोण ते सांगितलं नाही, फक्त विचारलं, "ओटीपोटात दुखत असेल तर हेच असतं का?"

"सहसा नाही," नर्सबाई म्हणाल्या. "पोटदुखीला कारणं छप्पन्न. हे सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, काहीच कळत नाही. बाई ठणठणीत असते. काढून टाकायची वेळ तीच. लक्षणं दिसायला लागली की मग काम अवघड होऊन बसतं."

"आणि नवरा नसेल तर? नऊ वर्षांपासून?"

"विषाणूला काय माहीत, नवरा आहे की गेला? तो एकदा आला की बसून राहू शकतो." मग नर्सबाई जरा थांबल्या. "आपण कोण बोलताय?"

डोळेवालीने फोन ठेवला. भिंतीपलीकडे साच्याच्या खोलीत ताई मजेत गुणगुणत होती. तिला काहीही होत नव्हतं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. ती ठणठणीत होती. डोळेवालीच्या अंगावर काटा आला तो त्या गुणगुणण्याने.

ती आपल्या जागेवर येऊन बसली आणि डोळे काढायला लागली. डोळा काढायचा म्हणजे आधी पांढरा, मग तपकिरी गोल, मग मधोमध काळा ठिपका. बारा वर्षांचा हात होता, नजर सरळ समोर बसायची. त्या दिवशी काळा ठिपका मध्ये बसेना. तिने पुसून पुन्हा काढला. तो पुन्हा डावीकडे गेला. चारदा पुसल्यावर तिने नाद सोडला. दुपारपर्यंत फळीवर अठरा डोकी तयार झाली, टक्कल पडलेली, ओठ न रंगवलेली, आणि अठराच्या अठरा डावीकडे बघत होती. डावीकडे साच्याच्या खोलीचं दार होतं.

मालक फेरीला आले. फळीसमोर थांबले. त्या नजरांच्या वाटेत आपण नको म्हणून एक पाऊल मागे सरकले. "या सगळ्या तिकडे का बघतायत?"

"डिझाइन आहे," डोळेवाली म्हणाली.

"नवीन आहे. छान आहे," मालक म्हणाले आणि जरा लगबगीनेच निघून गेले.

तेवढ्यात साच्याच्या खोलीचं दार उघडलं आणि ताई चहाचा कप धुवायला बाहेर आली. दोन पावलं टाकून थांबली. अठरा डोकी तिच्याकडे बघत होती. ती उजवीकडे सरकली. रंगवलेली नजर सरकते तशी ती नजरही ताईबरोबर सरकली. ताईने कप खाली ठेवला.

"काय गं? माझ्याकडे काय बघतायत या?"

डोळेवालीने ब्रश पाण्यात टाकला. पाणी काळं झालं. "ताई, आम्हाला निरोप आलाय. केंद्रातून. सहाही जणींना, एकाच वेळी. विषाणू सापडलाय."

"अगं बाई! सहाही जणींना?" ताईचा हात तोंडाशी गेला. "पोरींनो, तुमचं कसं गं..."

वाक्य तिथेच थांबलं. साच्यातून काही काढताना ताईला बेताबेतानेच काढायची सवय होती. सहाही नळ्यांत नमुना कुणाचा होता, हेही तिने तसंच, बेताबेताने, बाहेर काढलेलं दिसलं. मग ती स्टुलावर बसली.

"म्हणजे सहा बायकांची मिळून एक भानगड," ती म्हणाली, "आणि तीही माझ्याकडेच ठेवायला दिलेली."

"उद्या दहा वाजता बोलावलंय. तू चल."

"मला काही दुखत नाही."

"म्हणून तर म्हणतेय!"

"ओरडू नकोस. मी यादीत नाही. जाऊन काय सांगू? बाकीच्या पाच जणींची फजिती होईल. मुकादमबाईंची तर नोकरीच..."

"ताई, माझी आई दार लावून कपडे धुवायची," डोळेवाली म्हणाली. "दोन वर्षं. आम्ही कुणी दार वाजवलं नाही. मी आता वाजवतेय."

ताईने स्टूल फिरवून डोक्यांकडे पाठ केली. मग तिसरंच बोलली. "त्या दिवशी, तुझ्या नळीच्या वेळी... मी आत होते. नंबर म्हणायला तोंड उघडलं आणि वाटलं, बाहेर कुणीच नाहीये. ओळ नाही, तुम्ही नाही. मीच एकटी सहाजणींचे नंबर घेत बसलेय. कितीतरी दिवसांपासून." तिने कप उचलला, न धुताच. "बघते," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

गुरुवारी दहा वाजता केंद्राच्या बाकावर सहाजणी बसल्या होत्या. ताई आली नव्हती. भिंती फिकट हिरव्या, कोपऱ्यात हिरवाच पडदा, पडद्यामागे दिवा. आत कुणीतरी स्टीलच्या ट्रेमध्ये काहीतरी ठेवत होतं आणि उचलत होतं. धाकटीने थोरलीचा हात धरला होता. दहा वर्षांत पहिल्यांदाच.

नर्सबाई यादी घेऊन आल्या. त्यांचा चेहरा झोप न झालेल्या माणसाचा होता. "सहाच्या सहा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "एकच प्रकार. आकडेसुद्धा जवळजवळ तेच. असं होत नाही कधी." त्यांनी बाकावरच्या सहा चेहऱ्यांकडे एकेक करून बघितलं, जणू त्या सहांतून एक चेहरा जुळवायचा होता. "एकशे एक."

मुकादमबाई उठल्या. डोळेवालीने त्यांचं मनगट पकडलं.

"बाई, तुम्ही आत गेलात तर ताई कायमची यादीबाहेर राहील."

"सोड," मुकादमबाई पुटपुटल्या. पण त्यांचा आवाज मुकादमाचा नव्हता. त्यांनी हात सोडवला आणि पडद्याकडे दोन पावलं टाकली. तिथे त्या थांबल्या. पुढे जाईनात आणि मागेही येईनात.

"एकशे एक," नर्सबाई पुन्हा म्हणाल्या.

"मी," दारातून आवाज आला. बाथरूमच्या दारामागून आला होता तोच, ओळीतल्या सगळ्यांना ओळखीचा. ताई उभी होती, कामाच्याच कपड्यांत, बाह्यांवर फायबरचा भुगा. "बसा बाई. एकशे एक मी आहे."

नर्सबाईंनी यादी बघितली. "एकशे दोन?"

"तीही मीच."

"एकशे तीन?"

"मीच. चार, पाच, सहा, सगळ्या मीच. त्यांना काही झालेलं नाही. म्हणजे झालं असेल तर मला ठाऊक नाही, त्यांना कुणी तपासलेलंच नाही."

पडद्यामागचा ट्रेचा आवाज थांबला. नर्सबाईंनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"तरीच," त्या म्हणाल्या. "लॅबवाले तीन आठवडे मशीन उघडून बसलेत हो."

मग त्या चिडल्या, आणि चिडायला सुरुवात केल्यावर त्यांना बरंच बरं वाटलेलं दिसलं. त्यांनी सहाजणींना काय काय म्हटलं ते इथे देण्यासारखं नाही. बोलता बोलता त्यांनी कपाटातून सहा नव्या नळ्या काढल्या, एकेकीच्या हातात आपटल्या आणि बाथरूमकडे बोट दाखवलं. या वेळी दाराशी स्वतः उभ्या राहिल्या. पहिल्या मुकादमबाई गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर फसवलं गेल्यासारखा भाव होता. "एवढंच?" त्यांनी विचारलं. धाकटीने घरी विचारलं नव्हतं, तरी गेली. डोळेवाली शेवटी गेली. आत गेल्यावर तिने कडी लावली नाही, दार नुसतं लोटून घेतलं.

पडद्यामागे डॉक्टरीणबाईंना ताईच्या गर्भाशयाच्या तोंडावर एक पांढरट चट्टा दिसला. कॅन्सर नव्हता. आणखी काही वर्षं तसाच ठेवला असता तर झाला असता कदाचित. त्यांनी एक गरम टोक त्यावर एक मिनिटभर धरून तो जाळून टाकला आणि सांगितलं, थोडे दिवस अंगावरून पाणी जाईल, वर्षाने पुन्हा दाखवायला या. नाव विचारलं आणि ताईच्या स्वतःच्या नावाने नवीन कार्ड केलं.

ताई पडद्यामागे गेल्यापासून बाहेर येईपर्यंत अकरा मिनिटं झाली. त्यांतली चार मिनिटं चप्पल शोधण्यात गेली.